राजापेठच्या खोलीचं डिपॉझिट

राजापेठ, अमरावती
४ जून २००६

पायल,

नुसतं नाव लिहिलं आहे. त्याच्या आधी काही लावायची इच्छा नाही, आणि मनात नसलेलं लिहायची सवय मला नाही.

वर्ष झालं आपण बोललो नाही. तुझ्या अश्विनदादाच्या लग्नाला मी आले नाही म्हणून तू बोलणं टाकलंस. अब्बूंनी पाठवलं नाही आणि तसं कळवायचं माझ्याकडून राहून गेलं, ती चूक माझीच. पण आज लिहिते आहे ते लग्नाबद्दल नाही, तीन हजार रुपयांबद्दल.

माणिकबाईंनी खोली रिकामी करायला सांगितली आहे, तीस जूनपर्यंत. त्यांचा मुलगा ज्या कृषी केंद्रात हिशेब लिहायचा ते बंद पडलं. बियाण्याची उधारी वसूलच झाली नाही म्हणे. तर तो आता आपल्या वरच्या खोलीत पाचवी ते दहावीची शिकवणी काढणार. राजापेठेत दर दोन घरांआड एक शिकवणी आहे, त्यात ही आणखी एक. ते त्यांचं त्यांना लखलाभ होवो. मी शहाण्यासारखं म्हटलं, काकू, जूनचं भाडं आठशे डिपॉझिटमधून कापून घ्या आणि उरलेले बावीसशे माझ्या हातात द्या. सगळ्याच मुली असं करतात. शेवटच्या महिन्याचं भाडं रोख दिलं की डिपॉझिटसाठी चपला झिजवाव्या लागतात, हे तूच मला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतंस.

माणिकबाई म्हणाल्या, "कोणतं डिपॉझिट?"

आपल्या खोलीची रीत तुला माहीत आहे, तरी लिहिते, म्हणजे उद्या उज्माला समजलंच नाही असं म्हणायला जागा नको. जाणारी मुलगी घरमालकिणीकडून डिपॉझिट मागत नाही, येणाऱ्या मुलीकडून घेते. घरमालकिणीकडचे पैसे जागचे हलत नाहीत, मुली बदलतात. माझ्यानंतर कुणी मुलगी येणार नाही, म्हणून मला माणिकबाईंकडेच मागावे लागले. मागच्या जूनमध्ये मी तुझ्या हातात तीन हजार ठेवले. बस स्टँडसमोरच्या रसवंतीत, शंभराच्या तीस नोटा. तू त्या दोनदा मोजल्यास. अब्बू अंजनगावच्या बाजारात बसून व्यापाऱ्यांची फाटकी पोती शिवतात हे तुला ठाऊक आहे, आणि बाजारात मालच येईना तेव्हा पोती कोण शिवून घेणार हेही मी तुला सांगितलं होतं. त्या तीस नोटा कशा जमल्या हे माहीत असलेली अमरावतीत तू एकटी होतीस.

आता माणिकबाई म्हणतात, "तुह्या मैत्रिणीनं जाताखेपी तीन महिन्याचं भाडं देलं नाही. डिपॉझिटमधून कापा म्हणे. चोवीसशे थेच गेले. राहिले सहाशे. ते तू घे, आन् जूनचं भाडं मले नगद दे."

म्हणजे तू तेच पैसे दोनदा वसूल केलेस. एकदा भाडं न देऊन आणि एकदा माझ्याकडून घेऊन. मला खरं काय ते लिही. बी.एड.ची यादी दहा तारखेला लागते आहे. नाव आलं तर एकोणतीसशे फी, अठ्ठावीस जूनपर्यंत. नाही भरली तर जागा खालच्या नंबराला जाते. पुढच्या वर्षी पुन्हा खोली घेऊन पुन्हा सगळं करणं अब्बूंना झेपणार नाही. ते तसं म्हणत नाहीत, पण मला दिसतं.

उज्मा


राजापेठ, अमरावती
११ जून २००६

पायल,

आठवडा झाला, उत्तर नाही. अमरावतीहून अकोल्याला पत्र जायला दोन दिवस पुरतात. तू नोकरीला लागलीस, दवाखान्यात केसपेपर लिहितेस, हे मला दर्यापूरच्या मुलींकडून कळलं. बाजूच्या खोलीतल्या त्याच दोघी. दिवसभर दुसऱ्यांची नावं लिहिणाऱ्या बाईला चार ओळी जड नसाव्यात.

यादीत माझं नाव आलं. एकेचाळिसावा नंबर. ही बातमी पहिली तुला सांगितली असती, असं एक वर्ष होतं.

परवा अब्बू आले होते. माणिकबाईंनी त्यांना आत बोलावलं नाही, फाटकाशी उभ्या उभ्याच बोलल्या. ते वर येऊन पाणी प्यायले आणि म्हणाले, "अमानत है बेटा वो. जिसकी है उसको लौटानी पडती. मगर तू पहले उस बच्ची से पूछ तो ले, उसने किया क्या." मी म्हटलं, आठवडाभर विचारतेच आहे. ते म्हणाले, "तू पूछ नहीं रही, डांट रही." तुझी बाजू घेणारा या जगात एक माणूस आहे, आणि तो माझा बाप आहे.

मी कोर्टाजवळ खुशालरावांकडेही जाऊन आले. ते झाडाखाली टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहून देतात. दहा रुपये घेतले, पण नीट समजावलं. डिपॉझिट म्हणजे भाडं नव्हे. भाडं थकलं नसेल आणि मोडतोड नसेल तर ते पुरतं परत द्यायचं असतं, आणि शेवटचा महिना त्यातून वळता करायचा तर दोघांच्या मर्जीनं. "पन कागद दाखव," म्हणाले. "कागद कोनाच्या नावाचा हाय?" मी म्हटलं, असलाच तर पायल तेलगोटेच्या. "मंग त्या पायलले आन. तुह्या हातात कागद नाई तं तू थ्या घरात पाहुणी होती, अजून काय."

पाहुणी. दर महिन्याच्या पाच तारखेला आठशे रुपये मोजून देणारी पाहुणी.

माणिकबाईंनी विचारलं, पायलशी बोलणं झालं का? मी सांगून टाकलं की आमचं वर्षभर बोलणं नाही आणि यापुढेही होईल असं वाटत नाही. ऐकून त्यांना बरं वाटल्यासारखं दिसलं. मग तुझ्याबद्दल आणखीही काही बोलल्या. ते मी लिहीत नाही.

मला राग पैशांचा आहेच, खोटं कशाला बोलू. पण त्याहून मोठा राग दुसराच आहे. ही खोली मिळण्याआधी आपण दोघी भर उन्हात सायकलवर फिरलो होतो. पाटी बघून आत जायचं, बाई हसून खोली दाखवायची, मग नाव विचारायची. मी नाव सांगितलं की खोली कालच गेलेली असायची. पाचव्या घरी तू रस्त्यात उभी राहून रडलीस. मी नव्हते रडले. मग तूच म्हणालीस, माझी खोली घे, माणिकबाईंशी मी बोलते. मला वाटलं, घरच्यांच्या पलीकडेही माणूस असतं. एवढं सगळं करून तू माझेच तीन हजार खाल्लेस हे मला गिळता येत नाही.

उज्मा


अमरावती
१६ जून २००६

पायल तेलगोटे हिस,

पत्रांना उत्तर नाही म्हणून या वेळी पोस्टकार्ड. उघडं पाठवते आहे, वाटेत ज्याला वाचायचं त्यानं वाचावं. तू माझे तीन हजार रुपये घेऊन गेलीस. भाडं बुडवलंस आणि डिपॉझिटही नेलंस. मैत्रीण म्हणून माझ्या घरी जेवलीस आणि माझ्या बापाच्या घामाचे पैसे पळवलेस. याला मराठीत चोरी म्हणतात. अठ्ठावीस तारखेला माझी फी भरली गेली नाही तर त्याला तू जबाबदार.

उज्मा बशीर, अंजनगाव सुर्जी


राजापेठ, अमरावती
२२ जून २००६

पायल,

तुझं पाकीट काल दुपारी मिळालं. रात्री लिहायला बसले होते, दोन कागद फाडले. आता सकाळी लिहिते आहे.

तू नऊ ओळी लिहिल्यास. मला पाठ झाल्या. पहिली दोन पत्रं मिळाली होती, रागानं उत्तर दिलं नाही, असं लिहिलंस. तो राग तुझ्या हक्काचा आहे. पण पोस्टकार्ड आलं तेव्हा तू कामावर होतीस, आणि तुझ्या बाबांना, पुंजाजीकाकांना वाटलं, उज्माचं खुशालीचं पत्र आलं, म्हणून ते तुझ्या आईला, भागीरथामावशींना मोठ्यानं वाचून दाखवायला बसले. दुसऱ्या ओळीला थांबले. मावशींना वाचता येत नाही, त्या म्हणत राहिल्या, "पुढं वाचा ना, थांबले काहून?" ही ओळ वाचली आणि मला कुठे तोंड लपवू असं झालं. मी ते कार्ड तुला उघडं पाडायला पाठवलं होतं. त्यात दोन म्हाताऱ्या माणसांना उघडं पाडलं, ज्यांनी मला कधी उपाशी जाऊ दिलं नाही. तुझी माफी मी मागेन की नाही ते पुढे बघू. त्यांची मागते. आत्ता, या ओळीत.

सोबतची चिठ्ठी मी पाच वेळा वाचली. अक्षर माणिकबाईंचं, सही माणिकबाईंची, तारीख १२ जून २००५. "पायल तेलगोटे हिचे भाडे मेअखेर पूर्ण मिळाले. उज्मा बशीर हिचे डबल डिपॉझिट सहा हजार जमा. त्यात तीन तिचे, तीन पायलने आपले ठेवले. खोली सोडताना शेवटचे भाडे कापून बाकी परत."

डबल.

दर्यापूरच्या मुलींना मी विचारून आले. त्यांचं डिपॉझिट तीनच हजार आहे, दोघींचं मिळून.

मी चिठ्ठी घेऊन खाली गेले. माणिकबाई ओट्यावर गहू निवडत होत्या, शेजारच्या दोघी बायका जवळ बसल्या होत्या. मी आत चला म्हटलं नाही. तिथंच उभी राहून सगळी चिठ्ठी वाचली, तारखेसकट, सहीसकट. माणिकबाईंनी गव्हातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

मग म्हणाल्या, "मले वाटलं थे हरपली असन."

म्हणजे मी विसरले, असंही म्हणाल्या नाहीत. मी विचारलं, "काकू, माझं डबल काहून?"

"तवा सारेच घेत होते तुमच्यावाल्याकडून. मी एकटीनंच घेतलं काय?" मग आवाज खाली आणून, "पैसे घरात लागले वं. पोरगा घरी बसून हाय सात महिन्यापासून. मले काय हौस हाय?"

मला त्या क्षणी त्यांची दया आली, हे तुला लिहून ठेवते. घर मोडकळीला आलं की माणूस हाताशी लागेल तो पैसा वापरतं, हे मला अंजनगावात दिसतं, घरात दिसतं. पण त्यांच्या हाताशी लागायला आपण दोघीच होतो. दर्यापूरच्या मुलींचे पैसे खायचं त्यांना सुचलं नाही. त्यांचे मामा येऊन भांडले असते. तुझं-माझं भांडण असल्याचं मी स्वतःच्या तोंडानं सांगितलं आणि त्यांना वाट मोकळी करून दिली. आपण दोघी एकमेकींचे केस उपटत बसू आणि त्या गहू निवडत बसतील, एवढा साधा हिशेब होता.

त्यांनी चुना मारायचे पाचशे कापू म्हटलं. मी म्हटलं, चुना तुमच्या शिकवणीसाठी आहे, माझ्यासाठी मारला असता तर मागच्या वर्षीच मारला असता. शेजारच्या बाईला हसू आलं. सव्वीस तारखेला सहा हजारातून जूनचे आठशे वजा करून बावन्नशे देते म्हणाल्या. मी ते लिहून घेतलं, खाली दोन साक्षीदार म्हणून त्या दोघी बायकांची नावं. खुशालरावांचे दहा रुपये कामी आले.

आता उरलेलं. अकरा तारखेच्या पत्रात मी लिहिलं होतं की माणिकबाई तुझ्याबद्दल काही बोलल्या आणि ते मी लिहीत नाही. आता लिहिते. तुझी जात काढून त्या म्हणाल्या, "या लोकाइचं असंच राह्यते, सरकारचं खाऊन सवय पडते." आणि मी गप्प बसले. मान हलवली नाही, पण गप्प बसले. मला त्या वेळी तुझा राग होता आणि कुणीतरी माझ्या बाजूनं बोलतंय याचं बरंसुद्धा वाटलं. काल ओट्यावर "तुमच्यावाले" ऐकलं तेव्हा कळलं, तिकडे तुझ्यासमोरही त्या माझ्याबद्दल असंच बोलल्या असतील. तू तेव्हा काय केलंस? तू माझे तीन हजार त्यांना देऊन आपलेही तीन तिथंच ठेवलेस. मी गप्प बसले. हा फरक मला रात्रभर झोपू देत नव्हता.

आणि तरीही मी तुझ्यावर चिडले आहे. ऐक. तुला माणिकबाईंनी सहा सांगितले आणि तू मला तीनच सांगितलेस. काहून? मी ऐकून मरून गेले असते? मला पाच घरांनी नाही म्हटलं ते मी ऐकलंच होतं की. सहावं घर माझा भाव दुप्पट लावतंय हे मला कळायला हवं होतं. मी वर्षभर त्या बाईंना काकू म्हटलं. ईदला शीरखुर्मा नेऊन दिला, त्यांनी वाटी घेतली आणि दुसऱ्या दिवशी घासून परत दिली. मला वाटलं, बघा, माणसं बदलतात. तुला सगळं माहीत होतं आणि तू मला शीरखुर्मा नेऊ दिलास.

तू म्हणशील, सांगितलं असतं तर तू खोली घेतली नसतीस, आणि खोली घेतली नसतीस तर बी.ए. राहिलं असतं. खरं आहे. मी ताडकन उठून अंजनगावची बस धरली असती. माझा स्वभाव तुला माझ्यापेक्षा जास्त कळतो, त्याचाच तर राग येतो.

शेवटी तू लिहिलंस, "लागतील तर माझेही वापर." नऊ ओळींतली ही एकच ओळ मी मोठ्यानं वाचली नाही.

उज्मा


अमरावती
२८ जून २००६

पायल,

हे पोस्टातूनच लिहिते आहे, डिंकाच्या टेबलावर, मागे रांग आहे.

माणिकबाईंनी सव्वीसला चार हजार दिले आणि काल संध्याकाळी बाराशे. मुलानं सायकल विकली असं दर्यापूरची एक म्हणाली. मला ऐकायचं नव्हतं, तरी तिनं सांगितलं. पावती मी दिली, त्यांनी मागितली नव्हती. चावी ओट्यावर ठेवली. त्या म्हणाल्या, "येत जाजो." मी पेटी उचलली.

आज सकाळी फी भरली. एकोणतीसशे. बाबूनं पावतीवर माझं नाव चुकवलं, मी खोडायला लावून नीट लिहून घेतलं. आता उज्मा बशीर बी.एड. करते आहे, हे सरकारी शिक्क्यासकट खरं आहे. अंजनगावच्या किराणा दुकानात फोन करून अब्बूंना बोलावून घेतलं आणि सांगितलं. ते पोतं खाली ठेवून धावत आले असणार, धाप लागलेली ऐकू येत होती. मग म्हणाले, "उस बच्ची को बताया?"

तर सांगते आहे. आणि हिशेबही सांगते. बावन्नशेतले माझे बावीसशे, कारण शेवटच्या महिन्याचं भाडं माझं होतं, तुझं नव्हतं. तुझे तीन हजार पुरते. फीला मला सातशे कमी पडले. अब्बूंकडे जूनमध्ये सातशे नसतात. म्हणून तुझ्यातले सातशे मी घेतले. आज तेवीसशेची मनीऑर्डर करते आहे, कमिशन माझं. तू वापर म्हणाली होतीस, पण मी तुझ्या मोठेपणावर वापरलेले नाहीत, उसने घेतले आहेत. रसवंतीसमोरच्या दुकानात संध्याकाळी झेरॉक्सचं काम मिळालं आहे, दिवाळीपर्यंत फेडीन.

पुंजाजीकाकांच्या नावानं वेगळं पोस्टकार्डही टाकलं आहे. तेही उघडं. त्यात एवढंच लिहिलं की पायलनं काही घेतलं नव्हतं, उलट दिलं होतं, आणि मागचं कार्ड लिहिणारी मुलगी खोटी पडली. पोस्टमननं तेही वाचावं.

माझी माफी तू ठेव किंवा परत पाठव, मी मागते आहे. पण माझा राग मी मागे घेत नाही. तू मला न सांगता माझ्यासाठी पैसे ठेवलेस, मी तुला सांगून तुझे घेतले. दोन्हींतलं नीट कुठलं ते तूच ठरव. यापुढे माझ्या नावाला कुणी दुप्पट भाव लावला तर तो आधी मला कळव. हो म्हणायचं की नाही, ते माझं मी बघीन. आणि तुझ्याबद्दल कुणी माझ्यासमोर तसं बोललं तर मी गप्प बसणार नाही. हे नुसतं म्हणत नाही, कारण एकदा बसले आहे.

उज्मा